गोणीतल्या दाण्याची कुळकथा

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलू अशी त्यांची साहजिकच अपेक्षा होती. आम्ही ‘प्लास्टिक’ असे उत्तर दिले आणि ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. सातवीपर्यंत शाळेत गेलेल्या आणि उमेदीची सारी वर्षे कारखान्यांच्या फाटकांसमोर सभा घेण्यात घालवलेल्या माणसाने रसायनशास्त्रात नाक खुपसावे, हे त्यांना चमत्कारिक वाटले असेल तर त्यात त्यांचा दोष नाही. परंतु या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. एका अपघाताने आम्हाला त्याच्या दारात नेऊन उभे केले. म्हणून आधी तो अपघात सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

१९९४ सालच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या वस्तू काढणारी चार यंत्रे होती. पहिल्या पाळीत एका यंत्रावर पट्ट्यांची पांढरी बकले निघत होती. दुसऱ्या पाळीला दुसऱ्याच मालाची तातडीची मागणी आली, तेव्हा यंत्राची नळी साफ न करता तीत दुसऱ्या गोणीतला दाणा ओतला गेला. थोड्याच वेळात नाकाडोळ्यांना झोंबणारा धूर सुटला आणि यंत्राचे तोंड तुंबले. एकोणीस वर्षांचा एक पोरगा ते मोकळे करायला पुढे झाला, तोच वितळलेल्या मालाची पिचकारी त्याच्या उजव्या हातावर आणि गळ्यावर आली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, “कशाने भाजले? नाकात कोणता वायू गेला?” मालक म्हणाले, “प्लास्टिकने.” डॉक्टर म्हणाले, “कोणत्या प्लास्टिकने?” त्यावर मालक, मुकादम आणि आम्ही, तिघेही एकमेकांकडे पाहू लागलो. शेवटी मुकादम म्हणाला, “दाणा होता, साहेब.”

दाणा! गाळ्यातल्या सगळ्या गोण्यांत दाणाच होता. पांढरा, काळा, दुधी, पारदर्शक. कोणत्या गोणीत काय आहे हे मालकाला भावावरून कळे आणि मुकादमाला रंगावरून. त्या रात्री आमच्या मनात आले की, ज्या वस्तूवर आमचे शेकडो सभासद आठ-आठ तास काम करतात, तिचे नावसुद्धा आम्हाला ठाऊक नाही. मग त्यांचे पुढारी म्हणून आम्ही कोणत्या तोंडाने मिरवतो? दुसऱ्या दिवशी आम्ही नगर वाचनालयात गेलो आणि मराठी विश्वकोशाचे खंड काढून बसलो. जे समजले नाही ते इथल्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी समजावून दिले. त्या अभ्यासातून हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की, प्लास्टिक हे एका पदार्थाचे नाव नाही, कुळाचे नाव आहे. या कुळाला विश्वकोशात ‘बहुवारिक’ असा शब्द आहे. इंग्रजीत पॉलिमर म्हणतात. एकाच जातीचे लहान लहान रेणू कड्याला कडी जोडावी तसे हजारोंच्या संख्येने जोडले गेले की जी लांबलचक साखळी होते, ते बहुवारिक. ही करामत निसर्ग फार पूर्वीपासून करीत आला आहे. कापूस, लाकूड, रेशीम, लोकर, रबर ही सारी अशाच साखळ्यांची बनलेली आहेत. माणसाने अलीकडच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत प्रथम निसर्गाच्या साखळ्यांत फेरफार करायला आणि पुढे स्वतः नव्या साखळ्या विणायला सुरुवात केली, एवढाच फरक.

या कुळाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एक शाखा मेणासारखी: तापवली की मऊ, निवली की घट्ट, पुन्हा तापवली की पुन्हा मऊ. पॉलिथीन, पीव्हीसी, नायलॉन ही या शाखेतली. दुसरी शाखा भाकरीसारखी: पीठ मळून हवा तो आकार द्या, पण एकदा तव्यावर भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही. इथे साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात. बॅकेलाइट आणि मेलामाइनची ताटे या शाखेतली. भंगारवाला बादली घेतो आणि विजेचे काळे बटण नाकारतो, ते याच कारणाने. शास्त्रज्ञांनी पोथ्यांतून सांगितलेला हा भेद भंगारवाल्याला हाताने कळलेला असतो.

आता इतिहास. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा अलेक्झांडर पार्क्स याने १८६२ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात एक नवा पदार्थ मांडला. कापसासारख्या वनस्पतिजन्य तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करून तो बनवला होता. पदक मिळाले, परंतु पार्क्सने काढलेली कंपनी १८६८ साली बुडाली. त्याच सुमारास अमेरिकेत बिलियर्डच्या खेळाला ऊत आला होता. त्याचे चेंडू हस्तिदंताचे असत आणि चांगल्या सुळ्यातूनही मोजकेच चेंडू निघत. हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास एका व्यापारी पेढीने दहा हजार डॉलरचे बक्षीस लावले. जॉन वेस्ली हायट नावाचा छापखान्यातला एक कामगार त्याच्या मागे लागला. त्याने नत्राम्लयुक्त कापसात कापूर मिसळून उष्णता आणि दाब दिला आणि १८७० साली सेल्युलॉइडचे पेटंट घेतले. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. म्हणजे आपल्याकडची ही व्याख्यानांची प्रथा आणि प्लास्टिकचा धंदा ही जवळजवळ एकाच वयाची भावंडे म्हणायची.

हायट हा आमच्यासारखाच शाळेबाहेर शिकलेला माणूस, म्हणून त्याचा आम्हाला अभिमान वाटतो. परंतु त्याचे हे अपत्य जन्मतःच तापट होते. नत्राम्लाने संस्कारलेला कापूस हा बंदुकीच्या दारूचा सख्खा भाऊ. हायटने स्वतःच पुढे सांगितले आहे की, तसला लेप दिलेले चेंडू एकमेकांवर जोरात आपटले की कधी कधी बंदुकीसारखा बार होई आणि आजूबाजूची माणसे दचकत. गिऱ्हाइकाला हा विनोद वाटे. पण जिथे हा माल टनांनी तयार होई तिथल्या कामगाराला तो विनोद नव्हता. सेल्युलॉइडच्या कारखान्यांत आगी हे नित्याचे संकट होते.

याच जातीच्या पदार्थाची पट्टी काढून तिच्यावर चलच्चित्रे उमटू लागली. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ याच फिल्मवर निघाला. ही फिल्म पेटली म्हणजे पाण्याने विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या अंगातच असतो. १९२९ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरी एका रुग्णालयात साठवलेल्या क्ष-किरणांच्या फिल्म पेटल्या आणि त्यांच्या विषारी वायूंनी शंभराहून अधिक माणसे दगावली. आणि इतके दूर तरी कशाला जावे? २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठारात जुन्या फिल्मना आग लागून आपल्या चित्रपटांचा अमोल ठेवा राख झाला. १८७० सालच्या शोधाचे देणे आपण २००३ सालीही फेडत होतो.

दुसरा अध्याय आपल्या देशाशी अधिक जवळचा आहे. लाख आपल्याला महाभारतापासून ठाऊक आहे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर एक किडा राळेसारखा द्रव सोडतो, तो वाळला की लाख. छोटा नागपूरच्या जंगलांतले आदिवासी ती गोळा करीत; आपल्या गोंदियाकडेही ती होते. विजेचे युग आले तेव्हा तारांभोवती आणि यंत्रांत वीज अडवणारा पदार्थ हवा होता आणि लाख ते काम उत्तम करी. ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच. आमच्या आजोबांच्या पिढीने बालगंधर्वांचे गाणे ऐकले ते या किड्याच्या कृपेने. साऱ्या जगाला लाख पुरवणारा प्रमुख देश हिंदुस्थान होता, परंतु किडा आपल्या सवडीने काम करी आणि विजेच्या उद्योगाला घाई होती.

बेल्जियमच्या गेंट शहरी जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला लिओ बेकलँड हा रसायनज्ञ लाखेला पर्याय शोधू लागला. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र तापवली की एक चिवट, कशातही न विरघळणारा राळेसारखा गोळा भांड्याला चिकटून बसतो, हे आधीच्या रसायनज्ञांना ठाऊक होते. ते भांडे फेकून देत. बेकलँडने ती क्रिया उष्णता आणि दाब यांच्या लगामात आणली. १९०७ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०९ साली बॅकेलाइट जगापुढे मांडले. पूर्णतः माणसाने घडवलेले, कोणत्याही झाडाचा वा प्राण्याचा पदार्थ न वापरता केलेले हे पहिले प्लास्टिक. विजेची बटणे, टेलिफोनची काळी यंत्रे, रेडिओची खोकी, कुकरच्या मुठी ही सारी त्याची प्रजा. पुढे १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची दीर्घ तबकडी निघाली आणि लाखेच्या तबकडीचेही दिवस भरले. प्रयोगशाळेतल्या एका भांड्याने छोटा नागपूरच्या एका आदिवासी कुटुंबाचा बाजारभाव ठरवावा, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आम्हाला क्वचितच ठळकपणे दिसली, म्हणून इथे मुद्दाम सांगितली. बॅकेलाइट ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात लाकडाची भुकटी घालीत आणि जिथे उष्णता फार तिथे ॲस्बेस्टॉसही घालीत. त्या ॲस्बेस्टॉसची धूळ पुढे कोणाच्या छातीत गेली, हे निराळे सांगायला नको.

एवढा धंदा वाढला तरी हे पदार्थ मुळात आहेत काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन प्राध्यापकाने १९२० साली प्रतिपादन केले की, हे हजारो कड्यांचे एकेक प्रचंड रेणू आहेत. विद्वानांनी त्याची टर उडवली. इतका मोठा रेणू असूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. हा नाद सोडा, असा सल्ला त्याला मोठमोठ्यांनी दिला. तो हटला नाही. १९५३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. कारखाने आधी चालतात आणि ज्ञान मागून येते, हा क्रम आम्हाला या इतिहासात वारंवार दिसला. आणि मधल्या काळात जोखीम कोणाच्या अंगावर असते तेही दिसले.

श्टाउडिंगरचा सिद्धान्त रुजू लागल्यावर मात्र नव्या साखळ्यांचा जणू पाऊस पडला. १९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या विनिंग्टन येथे फॉसेट आणि गिब्सन हे दोघे एथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन भलताच प्रयोग करीत होते. तो फसला, पण नळीत मेणासारखा पांढरा पदार्थ चिकटलेला सापडला. तेच पॉलिथीन. पुन्हा करायला गेले तर स्फोट होई. १९३५ च्या अखेरीस उपकरणाला गळती लागली, नवा वायू आत सोडावा लागला, त्याबरोबर प्राणवायूचा अंश गेला आणि प्रयोग साधला! युद्धात रडारच्या तारांवर याच पॉलिथीनचे वेष्टन होते. आज भाजीवाल्याच्या हातून फुकट मिळणारी पिशवी एके काळी लष्करी गुपित होती, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल.

अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स याने १९३५ साली नायलॉन बनवले. परंतु त्याचे मोजे बाजारात आले ते पाहायला तो नव्हता, १९३७ सालीच त्याने आपले जीवन संपवले होते. १९३८ साली रॉय प्लंकेट याला वायूच्या टाकीत वायूऐवजी पांढरी भुकटी सापडली, ती टेफ्लॉन. १९५३ साली जर्मनीत कार्ल झीग्लर याने कमी दाबावर टणक पॉलिथीन करण्याची युक्ती शोधली, आणि तिच्याच आधाराने १९५४ साली इटलीत ज्युलिओ नाट्टा याने पॉलिप्रॉपिलीन सिद्ध केले. १९६३ साली दोघांना मिळून नोबेल मिळाले. आपल्या घरातल्या बादल्या, खुर्च्या, सिमेंटच्या गोण्या, शेतकऱ्याची सुतळी हा सारा त्यांचा संसार. या शोधांनी गरिबाचे जिणे सोपे केले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पितळेची घागर डोक्यावर घेऊन मैलभर चालणाऱ्या बाईला प्लास्टिकची कळशी किती हलकी वाटली, ते तिलाच विचारावे.

आता ज्या अध्यायासाठी हा सारा प्रपंच मांडला, त्याकडे येतो. पीव्हीसी हे नाव आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. शेतातले नळ, विजेच्या तारांवरची साले, पावसाळी चपला. याचा मूळ वायू व्हिनाइल क्लोराइड. त्याची पांढरी भुकटी होते हे १८७२ सालीच नोंदले गेले होते. परंतु ती फार टणक आणि तापवली की जळकी, म्हणून कोणी विचारीना. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन याने तीत योग्य द्रव मिसळून ती रबरासारखी लवचीक केली आणि धंदा फोफावला. व्हिनाइल क्लोराइड हा वायू फारसा अपायकारक नाही, अशी समजूत होती. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे ५०० भाग चालतात, असे प्रमाण तेव्हा धरले जाई. ज्या मोठ्या हंड्यांत ही क्रिया चाले, त्यांच्या आतल्या अंगाला खरपुडी धरे. ती खरवडायला माणसाला हंड्यात उतरवीत. या माणसांच्या बोटांच्या टोकांची हाडे विरघळू लागल्याचे १९६० नंतरच्या दशकात डॉक्टरांच्या नजरेस आले.

त्यानंतर इटलीतल्या बोलोन्या येथे डॉ. चेझारे माल्तोनी यांनी प्राण्यांवर प्रयोग केले आणि १९७२ च्या सुमारास त्यांना दिसले की, हा वायू कर्करोग उत्पन्न करतो. प्रयोगाचा खर्च युरोपातल्या कंपन्यांनी केला होता. त्यांनी अमेरिकेतल्या कंपन्यांना ही गोष्ट कळवली, परंतु ती बाहेर फोडायची नाही या बोलीवर. कामगाराला कोणी सांगितले नाही. १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या लुईव्हिल येथे बी. एफ. गुडरिच कंपनीने जाहीर केले की, तिच्या पीव्हीसी कारखान्यातले काही कामगार यकृताच्या एका अतिशय दुर्मिळ कर्करोगाने मेले. हा रोग इतका विरळा की, एकाच कारखान्यात त्याचे दोन-तीन रोगी निघणे हा योगायोग असूच शकत नाही, हे कारखान्याच्या डॉक्टरांनी ओळखले होते. तेव्हा कुठे जग जागे झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारने ५०० ची मर्यादा आधी ५० वर आणि मग थेट १ वर आणली. धंदा बुडेल, लाखो लोक बेकार होतील, अशी ओरड कारखानदारांनी केली. पुढे झाले काय? हंडे बंदिस्त झाले, खरवडायला माणसाऐवजी पाण्याचे फवारे आले, वायू पुन्हा गोळा करून वापरात येऊ लागला आणि पीव्हीसीचा धंदा पूर्वीपेक्षा वाढला. ‘परवडत नाही’ हे वाक्य वाटाघाटीच्या टेबलावर ऐकले की आम्हाला १९७४ साल आठवते.

याच वायूच्या संदर्भात एका कामगाराचे नाव आदराने घ्यावेसे वाटते. इटलीत व्हेनिसजवळच्या पोर्तो मार्गेरा येथील कारखान्यात गाब्रिएले बोर्तोलोत्सो हा साधा कामगार होता. बरोबरीचे लोक एकामागून एक मरताना पाहून त्याने वही घातली: कोण, कोणत्या खात्यात, किती वर्षे आणि कशाने मेला. तो ना डॉक्टर, ना वकील. वर्षानुवर्षे जमवलेले ते टिपण त्याने १९९४ साली सरकारी वकिलाच्या हाती दिले. दुसऱ्याच वर्षी सायकलवरून जाताना अपघातात त्याचा अंत झाला. १९९८ साली खटला उभा राहिला; दीडशेहून अधिक कामगारांच्या मृत्यूंचा प्रश्न त्यात होता. २००१ साली सारे आरोपी सुटले. २००४ साली वरच्या न्यायालयाने पाच जणांना दोषी धरले, पण तेही एकाच कामगाराच्या मृत्यूबद्दल, कारण बाकीच्या बाबतींत काळ उलटून गेला होता किंवा कायद्याला हवा तसा पुरावा जुळत नव्हता. न्याय पुरता मिळाला नाही. तरी त्या वहीमुळे मेलेल्यांची नावे सरकारी कागदावर आली, ही गोष्ट आम्ही लहान मानीत नाही.

ज्या साली तो व्हेनिसला वही देत होता, त्याच साली आमच्या गाळ्यात तो पोरगा भाजला. आता त्या अपघाताचा उलगडा करता येईल. पहिल्या पाळीतली बकले ज्या दाण्याची होती त्याचे नाव ॲसिटाल. १९६० सालापासून बाजारात आलेले हे प्लास्टिक धातूसारखे कणखर. घड्याळाची चाके, साखळीच्या चेनी, बकले यांना ते उत्तम. ते बनते फॉर्माल्डिहाइडपासून, म्हणजे बॅकेलाइटच्याच एका घटकापासून. त्याची साखळी आम्लाचा स्पर्श होताच तापलेल्या नळीत टोकाकडून उसवू लागते आणि पुन्हा फॉर्माल्डिहाइडचा वायू होतो. दुसऱ्या पाळीत ओतलेला दाणा होता पीव्हीसीचा. पीव्हीसी फार तापले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. एकाने आम्ल दिले, दुसऱ्याने वायू. तोंड तुंबले होते, दाब वाढत गेला आणि मोकळी वाट मिळताच पिचकारी उडाली. दोन्ही दाणे आपापल्या गोणीत निरुपद्रवी आहेत. दोघांची गाठ नळीत घालू नये, ही गोष्ट कारखानदारीतल्या जाणकारांना चांगली माहीत होती. आमच्या गाळ्यापर्यंत दाणा आला, यंत्र आले, साचा आला; ज्ञान तेवढे वाटेत राहिले.

ते वाटेत का राहिले, याला आपला स्वतःचा इतिहास आहे. आपल्या देशात १९५७ साली पॉलिस्टायरीन, १९५९ साली पॉलिथीन आणि १९६१ साली पीव्हीसी तयार होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि १९६८ च्या सुमारास ठाणे-बेलापूर पट्ट्यात खनिज तेलापासून ही रसायने काढणारे मोठे कारखाने उभे राहिले. १९७८ पासून वडोदऱ्याला पॉलिप्रॉपिलीन होऊ लागले. दाणा करणारे कारखाने मोठे. तिथे इंजिनियर होते, डॉक्टर होते, संघटनाही होत्या. परंतु दाण्याची वस्तू करणारे गाळे हजारो आणि लहान. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झाले. तो वायू कीटकनाशकासाठी होता, प्लास्टिकसाठी नव्हे. पण कंपनी तीच, जिने १९३९ साली बेकलँडची कंपनी विकत घेतली होती. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात नवे प्रकरण घातले गेले. घातक पदार्थांची माहिती कामगाराला द्यावी, त्याची वैद्यकीय नोंद ठेवावी, सुरक्षा समितीत त्याला जागा द्यावी, असे त्यात होते. कायदा चांगला होता. आमच्या त्या गाळ्यात माणसे सतरा राबत होती आणि हजेरीपटावर नावे होती नऊ, कारण दहावे नाव आले की विम्याचा कायदा लागू होत असे. त्या पोराचे नाव नऊंत नव्हते.

नुकसानभरपाईसाठी आम्ही भांडलो आणि थोडीफार मिळवली. त्याची दोन बोटे मात्र आजही पुरती वळत नाहीत. त्या वर्षीच्या मागणीपत्रात आम्ही पहिले कलम असे घातले की, प्रत्येक गोणीवर मालाचे नाव मराठीत लिहावे आणि यंत्राशेजारी पाटी लावावी: कोणत्या मालानंतर कोणता माल नळी धुतल्याशिवाय घालू नये. बोनसचे कलम दुसरे आले. सभेत आमचेच सभासद नाराज झाले. “साहेब, नावाने पोट भरते का?” असे एकाने विचारले. त्याचा प्रश्न खोटा नव्हता. घरी चार तोंडे असलेल्या माणसाने बोनस आधी मागावा, यात नवल ते काय? आम्ही तासभर बोललो, पण मते फिरली ती आमच्या बोलण्याने नव्हेत. तो पोरगा हाताला पट्टी बांधून मागच्या रांगेत बसला होता; तो उठला आणि म्हणाला, “मला नाव माहीत असते तर मी पुढे झालो नसतो.” कलम पहिलेच राहिले. चार महिन्यांनी करार झाला, तोही सगळ्या वसाहतीत नव्हे, अकरा गाळ्यांत. पाट्यांवरची अक्षरे आम्ही स्वतः रंगवली.

आता एक प्रश्न आपण आम्हाला विचाराल, आणि तो विचारलाच पाहिजे. प्लास्टिकने नाले तुंबतात, गुरांच्या पोटात पिशव्या निघतात, मग अशा धंद्यातल्या नोकऱ्यांचा कैवार तुम्ही कशाला घेता? २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा पिशव्यांकडे बोट दाखवले गेले. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीचा कायदा लागू केला. २०२२ च्या जुलैपासून एकदाच वापरून फेकायच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आली. बंदीला आमचा विरोध नव्हता. पिशव्या करणारे आमचे सभासद त्यामुळे बेकार झाले आणि त्यांना दुसरे काम मिळावे यासाठी आम्ही खेटे घातले, तरीही नव्हता. परंतु बंदी घालायची तीही नाव ओळखून घालावी. नळाचे पीव्हीसी, औषधाच्या बाटलीचे पॉलिथीन, रक्ताची पिशवी आणि दोन मिनिटांत फेकायची पातळ पिशवी यांना एकाच काठीने हाकणे हे अज्ञान आहे. वस्तूंच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ असे आकडे असतात, ते १९८८ साली अमेरिकेत सुरू झाले. १ म्हणजे पाण्याची बाटली, २ म्हणजे टणक पॉलिथीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे पिशवीचे मऊ पॉलिथीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेली सारी जमात. हे आकडे आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहेत? कचरा वेचणाऱ्या बाया मात्र आकडा न वाचता, चुरगाळून, आवाज ऐकून जात ओळखतात. पुण्यात १९९३ साली या बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. शहराचे प्लास्टिक पुन्हा दाण्याच्या रूपात गाळ्यांत येते ते पुष्कळसे त्यांच्याच हातांतून, आणि त्या प्रवासात ३ आकड्याचा माल दुसऱ्यात मिसळला तर पुन्हा तोच धूर निघतो. म्हणजे घरात आपण कचरा वेगळा करतो की नाही, याचा संबंध गाळ्यातल्या पोराच्या हाताशी आहे.

कायद्यांची नावे बदलतात, कलमांचे आकडे बदलतात, नव्या संहिता येतात. आमच्या रंगवलेल्या पाट्यांपैकी सहा अजून टिकून आहेत. पाच गाळे बंद पडले. परवाच एका नव्या गाळ्यात गेलो होतो. यंत्र नवे, चकचकीत, पडद्यावर तापमान दाखवणारे. कोपऱ्यात तीन गोण्या होत्या. आम्ही तिथल्या मुलाला विचारले, “यात काय आहे रे?” तो म्हणाला, “दाणा.” दुसऱ्या दिवशी आम्ही रंगाचा डबा घेऊन पुन्हा गेलो. मालकांनी चहा दिला, पण पाटी लावायची की नाही याचा निर्णय अद्याप दिलेला नाही. येत्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. आपल्यापैकी कोणाचा अशा धंद्याशी संबंध असेल, त्यांनी बरोबर यावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.